उघड्या बोर्डवर काम करताना स्टॅटिकपासून बचाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॅटिक म्हणजे घासण्याने अंगावर आणि वस्तूंवर साठणारा विद्युतभार, म्हणजेच चार्ज. घरी कॉम्प्युटर उघडणारे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आयसी म्हणजे चिप हाताळणारे आणि मोबाइल दुरुस्ती शिकणारे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. कारखान्यातल्या लाइनवर काम करणाऱ्यांचे नियम याहून कडक असतात. त्यांनी आपल्या कंपनीचेच पाळावेत.

मी वर्षानुवर्षं नुसत्या हातांनी रॅम काढतोय-घालतोय. कधी काही झालं नाही. मग एवढा बाऊ कशाला?

काही झालं नाही, की झालेलं कळलं नाही? माणसाला बोटातून उडालेली ठिणगी जाणवते ती साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. त्याखालचं सगळं आपल्याला न कळता जातं, आणि काही नाजूक पार्ट १०० व्होल्टच्या आतही मरतात. म्हणजे ‘मला तर कधी चटका बसला नाही’ हा पुरावा होऊ शकत नाही.

तरीही तुमची रॅम वाचली, याला कारणं आहेत. आजकालच्या बहुतेक आयसींच्या पायांवर आतूनच संरक्षक डायोड असतात आणि बऱ्याच आयसी चाचणीत २००० व्होल्टचा मानवी झटका सोसतात. ती चाचणी अशी: १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर चार्ज करून १५०० ओहममधून आयसीवर सोडायचा. हे माणसाच्या शरीराचं आणि बोटाचं ढोबळ मॉडेल. शिवाय तुम्ही बोर्ड कडेला धरत असाल, दिवस पावसाळ्याचे असतील, पाय उघडे असतील. या सगळ्यावर नशीब टेकलेलं असतं.

दुसरी गोष्ट अर्धवट इजेची. झटक्याने पार्ट तिथल्या तिथे मेला तर निदान कळतं. पण कधी कधी तो जखमी होतो, चालत राहतो आणि पुढे केव्हातरी विनाकारण हँग व्हायला लागतो. एका सुट्या पार्टबद्दल ‘हा स्टॅटिकनेच गेला’ असं घरबसल्या सिद्ध करता येत नाही, त्यासाठी चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. त्यामुळे आपण सोपं निदान करतो: माल डुप्लिकेट निघाला.

नेमकं आत होतं काय?

मॉसफेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) आणि खालचं सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. हा थर जाडीच्या दर नॅनोमीटरला ढोबळमानाने एक व्होल्ट सोसतो, आणि आजच्या चिपमध्ये ही जाडी मोजक्याच नॅनोमीटरची. जास्त व्होल्टेज आलं की थराला भोक पडतं. ते भरून येत नाही.

थोडं गणित करून बघू, कारण यातून बरंच उलगडतं. तुमच्या अंगावर ३०० व्होल्ट आहेत. तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. शरीराची कपॅसिटी, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, १०० पिकोफॅरड धरा. आयआरएफझेड४४एन या दणकट पॉवर मॉसफेटच्या गेटची कपॅसिटी साधारण १५०० पिकोफॅरड. त्याचा सोर्स नावाचा पाय जमिनीला जोडलेला आहे आणि तुमचं बोट गेटला लागलं, तर तुमचा चार्ज दोघांत वाटला जातो आणि गेटवर सुमारे १९ व्होल्ट येतात. त्याची मर्यादा २० व्होल्ट, म्हणजे थोडक्यात बचावला. तेच बोट चिमुकल्या २एन७००० ला लावा. त्याची कपॅसिटी २० ते ५० पिकोफॅरड, मर्यादा तीच २० व्होल्ट, आणि गेटवर येतात २०० किंवा अधिक. गेला.

आणि ३००० व्होल्ट असतील तर तो दणकट मॉसफेटही वाचत नाही. त्याच्या गेटवर १९० च्या आसपास येतात. सुरुवातीच्या काळात काही मॉसफेट तर पायांभोवती धातूची कडी घालूनच विकायला यायचे. बोर्डवर सोल्डर करून झाल्यावरच ती कडी काढायची.

कशाला जास्त जपायचं आणि कशाची काळजी नको?

लेझर डायोड, सुटे लहान मॉसफेट, आरएफ म्हणजे रेडिओ लहरींवर चालणारे पार्ट, मायक्रोकंट्रोलर, मेमरी, कॅमेऱ्याचे सेन्सर यांना जपा. निळे, हिरवे आणि पांढरे एलईडीही नाजूक असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लाल त्या मानाने टणक. बीसी५४७ सारखे साधे ट्रान्झिस्टर पुष्कळ सोसतात. ट्रान्सफॉर्मर, रिले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, साधे रेझिस्टर यांची चिंता नको.

एक गैरसमज मात्र काढून टाका: पार्ट बोर्डवर बसला की सुरक्षित झाला, असं नाही. बोर्डवरचे ट्रॅक आणि कनेक्टर झटका थेट चिपपर्यंत नेतात. कॅबिनेटमध्ये बंद असलेलं तयार यंत्र वेगळं. त्याची चाचणी ८००० व्होल्टच्या स्पर्शाने आणि १५,००० व्होल्टच्या हवेतल्या ठिणगीने होऊ शकते, पण ती झाकण बंद असताना.

पावसाळ्यात स्टॅटिक नसतो ना?

कमी असतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९८० च्या हस्तपुस्तिकेतलं एक कोष्टक आजही सगळीकडे दाखवतात. गालिच्यावरून चालताना कोरड्या हवेत, म्हणजे १० ते २० टक्के आर्द्रतेला, अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत जमतात. ६५ ते ९० टक्के आर्द्रतेला १५००. व्हायनलच्या फरशीवर १२,००० चे २५० होतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या अंगावर ६००० चे १००.

शेवटचा आकडा नीट बघा. भर पावसाळ्यात, टेबलाशी बसल्या जागीही १०० व्होल्ट. नाजूक पार्टसाठी तेही पुरतात.

आपल्याकडे खरा त्रास डिसेंबर ते फेब्रुवारीत देशावर, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात विदर्भ-मराठवाड्यात. रात्री ब्लँकेट ओढताना अंधारात चटचट आवाज येऊन ठिणग्या दिसू लागल्या की समजा, हंगाम सुरू झाला. कोकण-गोव्यातली हवा या बाबतीत दयाळू आहे, पण एसी लावलात की ती दया संपली. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उलट मदत करतो, फक्त त्याचे तुषार टेबलावर येऊ देऊ नका. खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता असेल तर उत्तम. त्याहून फार वाढवण्यात अर्थ नाही, मग बोर्डवर हिरवट बुरशी आणि गंज सुरू होतो.

रिस्ट स्ट्रॅपमध्ये, म्हणजे अंगावरचा चार्ज वायरने बाहेर नेणाऱ्या मनगटाच्या पट्ट्यात, १ मेगओहमचा रेझिस्टर का असतो? मनगटाला साधी तार बांधून अर्थला जोडली तर?

तसं कधीही करू नका. तुमचा दुसरा हात चुकून २३० व्होल्टच्या फेजला लागला, तर साध्या तारेने तुम्ही स्वतःला जमिनीशी पक्कं बांधून ठेवलेलं असेल. १ मेगओहम असला की तुमच्यातून त्या वाटेने जाणारा करंट ०.२३ मिलिअँपियरवर थांबतो. तो बहुतेकांना जाणवतही नाही.

आणि या रेझिस्टरमुळे स्टॅटिक निघून जायला उशीर होत नाही. १०० पिकोफॅरड गुणिले १ मेगओहम म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. हात उचलून पार्टपर्यंत नेईपर्यंत तुम्ही केव्हाच रिकामे झालेले असता.

आमच्या जुन्या घरात अर्थिंगच नाही. मग स्ट्रॅप कुठे जोडू?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर बहुतेक ठिकाणी अर्धंच दिलं जातं. नुकसान जमीन नसल्यामुळे होत नाही; दोन वस्तूंमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे होतं. तुम्ही, बोर्ड आणि हातातलं हत्यार तिघंही एकाच पातळीवर असाल, तर ती पातळी जमिनीपासून किती वर आहे याने बोर्डला काही फरक पडत नाही.

म्हणून कॉम्प्युटर उघडायचा असेल तर प्लग पूर्ण काढा आणि स्ट्रॅपची क्लिप कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा. रंगावर लावू नका, रंग विद्युतरोधक असतो; एसएमपीएसचा, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याचा, स्क्रू सोयीचा. सुटा बोर्ड असेल तर त्याच्या ग्राउंडला, म्हणजे यूएसबी सॉकेटच्या धातूच्या कवचाला किंवा स्क्रूच्या भोकाभोवतीच्या कड्याला. झालं. नवीन पार्ट आणलाय? आधी त्याची पिशवी कॅबिनेटला टेकवा, मग पिशवीतून पार्ट काढा. दुसऱ्या कुणाकडून पार्ट घेताना दोघांनीही आधी त्याच धातूला हात लावा.

अर्थ असेल तर छानच, वापरा. नाही म्हणून काम अडत नाही.

खिडकीचं ग्रिल किंवा नळ अर्थ म्हणून चालेल का?

भिंतीत पुरलेलं ग्रिल म्हणजे अर्थ नव्हे. नळ पूर्वी चालायचे, कारण लोखंडी पाइप थेट जमिनीत जायचा. आता बहुतेक घरांत सीपीव्हीसी पाइप आहेत. वरचा नळ पितळेचा असला तरी मागे सगळं प्लास्टिक. गॅसच्या पाइपला काही म्हणजे काही जोडू नका.

सॉकेटमध्ये अर्थ आहे की नाही, कसं कळेल?

तीन पिनच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थचं. प्लगची ती पिन लांब आणि जाड ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना आधी अर्थ लागावा आणि काढताना शेवटी सुटावा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजलं, तर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये पन्नास-शंभर व्होल्ट दिसले तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे. अशा वेळी त्या ‘अर्थ’ला स्ट्रॅप लावू नका.

मीटरने २३० दाखवले म्हणजे अर्थिंग पक्कं असंही नाही, कारण मीटर फारच थोडा करंट ओढतो. स्टॅटिकसाठी कच्चं अर्थिंगही चालतं. वाटेत मुळातच १ मेगओहम बसलाय. शॉकपासून जीव वाचवायला मात्र ते चालत नाही. त्यासाठी वायरमनला बोलवा. आणि सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ एकत्र जोडून देणारा वायरमन भेटला तर दुसरा बघा: मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतील.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. हाच स्टॅटिक का?

नाही. हा मेनचा गळका करंट, आणि माझ्या मते आपल्याकडे घरगुती दुरुस्तीत ‘स्टॅटिकने गेला’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंच काम याचं असतं.

एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेले विद्युत तरंग, गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यांतून येणारा अगदी थोडा करंट जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर पत्रा मधल्यामध्ये, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. हात फिरवला की झिणझिण्या येतात. स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो. या मुंग्या हात ठेवाल तोवर येत राहतात. ओळखायची खूण हीच.

माणसाला याने फारसं काही होत नाही, पण पोर्टला होतं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉप चालू असताना एचडीएमआय घालताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली, तर तो ११५ व्होल्टचा फरक पोर्टच्या चिपमधून जातो. केबलवाल्याची वायर बाहेरून येते, तिचं कवच आणखी तिसऱ्याच पातळीवर. म्हणून सगळ्यांचे प्लग काढा, केबल जोडा, मग चालू करा. मनगटावर कितीही भारी स्ट्रॅप असला तरी या बाबतीत तो काही करत नाही.

साधं दोन पिनचं सोल्डरिंग आयर्न चालेल का?

जाड कामाला चालेल. नाजूक पार्टला नको. अर्थ नसलेल्या आयर्नच्या टोकावरही वर सांगितल्यासारखंच तरंगतं व्होल्टेज येतं, आणि हीटरचं इन्सुलेशन जुनं झालं की गळती वाढते. तीन पिनचं, टोक अर्थ केलेलं आयर्न किंवा सोल्डरिंग स्टेशन घ्या. विकत घेतल्यावर टोक आणि प्लगची मोठी पिन यांत मल्टीमीटरने ओहम मोजा. काही ओहमच यायला हवेत. तीन पिनचा प्लग असून आत अर्थची तार जोडलेलीच नाही, असा मालही बाजारात असतो.

दोन पिनचंच असेल तर जुना उपाय आहे: आयर्न तापवा, प्लग काढा, मग तो पाय सोल्डर करा. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

वायरलेस स्ट्रॅप घेऊ का?

नको. चार्जला जायला वाट लागते. तिथे वाटच नाही. तो मनगटावरचा शोभेचा पट्टा आहे.

टेबलावर अंथरायची अँटिस्टॅटिक मॅट लागतेच का? स्टीलचं टेबल तर आणखी चांगलं वाहतं.

म्हणूनच ते वाईट. चार्ज झालेला आयसी थेट धातूवर टेकला की चार्ज एका क्षणात, मोठ्या करंटने बाहेर पडतो आणि जाताना चिप फोडतो. इथे माणसाचा हातही लागत नाही; प्लास्टिकच्या नळीतून घसरताना आयसी स्वतःच चार्ज झालेला असतो. हवं असतं ते हळू वाहणारं पृष्ठ. चांगल्या मॅटचा रोध साधारण दहा लाख ते शंभर कोटी ओहममध्ये असतो. तिला दोन थर असतात, वर हिरवा किंवा निळा, खाली काळा, आणि अर्थसाठी बटण. ते बटण कशालाच जोडलं नाही तर मॅट नुसतं रबर आहे.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत स्क्रूंचे कप्पे असलेली निळी सिलिकॉन मॅट दिसते. ती उष्णता सोसण्यासाठी असते. ‘अँटिस्टॅटिक’ असं लिहिलेलं असलं तरी साधं सिलिकॉन रबर (चिपमधलं सिलिकॉन वेगळं) उत्तम विद्युतरोधक आहे. तिला अर्थचं बटण नसेल तर तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

मॅट घ्यायची नसेल तर सनमायका आणि काचेपेक्षा साधं लाकूड किंवा खोक्याचा पुठ्ठा बरा. खाली अंथरायचंच असेल तर सुती काहीतरी, सोलापुरी चादरही चालेल, नायलॉनचं नको. जमिनीवर बसून काम करायचं तर शहाबादी किंवा मोझेक फरशी बरी, गालिचा नको.

पिशव्या वेगवेगळ्या रंगांच्या का असतात?

चंदेरी-करडी, आरपार अंधूक दिसणारी पिशवी म्हणजे आत धातूचा थर असलेली. बाहेरचा झटका ती आत जाऊ देत नाही, तोंड नीट बंद असेल तर. गुलाबी पिशवी फक्त स्वतः घासून चार्ज होत नाही. बाहेरचा झटका अडवत नाही. बोर्ड गुलाबीत घालून पाठवणारे खूप आहेत, आणि ते चूक आहे. चुरगळून भोकं पडलेली चंदेरी पिशवी टाकून द्या.

चंदेरी पिशवीवर बोर्ड ठेवून पॉवर देऊ नका. पृष्ठ थोडं वाहतं, आणि टोकदार पाय आतल्या धातूच्या थरापर्यंत जाऊ शकतात. मदरबोर्डवर बटण सेल असतो, हेही लक्षात असू द्या.

दुकानदार आयसी थर्मोकोलमध्ये टोचून देतो. चालेल?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, हे दृश्य जुनंच आहे. पांढरा थर्मोकोल स्टॅटिकचा कारखाना आहे. त्याचे दाणे हाताला चिकटतात ते उगाच नाही. आयसीला काळा, वाहक फोम लागतो, सगळे पाय एकमेकांना जोडून ठेवणारा. तो नसेल तर पाय अ‍ॅल्युमिनिअमच्या फॉइलमध्ये गुंडाळून मागा. पोळ्यांच्या डब्यातली फॉइल अगदी उत्तम काम करते. ज्या मॉड्यूलवर बॅटरी आहे त्याला मात्र फॉइल नको.

याच कारणाने टेबलावरून थर्मोकोल, बबल रॅप, प्लास्टिकचे पेले, फाइलची कव्हरं दूर करा. निदान फूटभर अंतर ठेवा. ही सगळी विद्युतरोधक, त्यामुळे त्यांना अर्थ करून काही उपयोग नाही. त्यांच्यावरचा चार्ज वाहूनच जात नाही. काढता येत नसतील तर आयोनायझरचा, म्हणजे हवेत आयन सोडून चार्ज विझवणारा, पंखा लागतो, घरी त्याची गरज पडत नाही. सेलोटेप मात्र लक्षात ठेवा: बोर्डजवळ ती सर्रकन ओढली की हजारो व्होल्ट तयार होतात. मोबाइलच्या नव्या डिस्प्लेवरची फिल्मही सावकाश सोला, आणि डिस्प्लेची पट्टी बोर्डला लावायच्या आधी फोनची बॅटरी सुटी करा.

कपडे कुठले घालावेत? चपला?

सुती. पॉलिस्टरची साडी, नायलॉनचं जाकीट, लोकरीचा स्वेटर नको. स्ट्रॅप तुमचं अंग रिकामं करतो, कपडे नाही; त्यामुळे बाह्या दुमडा आणि ओढणी किंवा पदर बोर्डवर लोळू देऊ नका. हवाई चप्पल तुम्हाला जमिनीपासून तोडते. घरात अनवाणी बसलात तर फरशीतून थोडा चार्ज निघून जातो. पण हे बंद, प्लग काढलेल्या बोर्डपुरतंच. मेनला जोडलेल्या वस्तूवर अनवाणी काम करायचं नाही. धातूच्या बांगड्या, घड्याळ, लोंबणारं मंगळसूत्र यांनी स्टॅटिक होत नाही, शॉर्ट होतो. ते आधी काढून किंवा आत खोचून ठेवा.

धूळ व्हॅक्यूम क्लीनरने काढू का?

प्लास्टिकच्या नळीतून धूळ सुसाट जाते, नळीचं तोंड चार्ज होतं आणि तेच तुम्ही चिपवर टेकवता. त्यापेक्षा केसाळ नैसर्गिक ब्रश किंवा दूरवरून ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तो मोकळा फिरला तर जनरेटर होतो.

स्ट्रॅप नीट आहे हे कसं तपासायचं?

पट्ट्याच्या आतला धातू आणि क्लिप यांत मल्टीमीटर लावा; १ मेगओहमच्या आसपास यायला हवं. वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल तर ती आतून तुटत आली आहे. पट्टा सैल नको आणि शर्टाच्या बाहीवर तर मुळीच नको, त्वचेला लागला पाहिजे. थंडीत त्वचा फार कोरडी असेल तर स्ट्रॅप घालूनही जोड नीट लागत नाही. मनगटाला पाण्याचा हात लावला तरी पुरतं. कारखान्यात माणसासकट पूर्ण वाट ३५ मेगओहमच्या आत असावी लागते.

स्ट्रॅप कधी घालायचा नाही?

मेनला जोडलेला उघडा एसएमपीएस, इन्व्हर्टर, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, मायक्रोवेव्ह. एसएमपीएसमध्ये प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट डीसी राहू शकतात. मायक्रोवेव्हमध्ये व्होल्टेज हजारांत असतं, आणि १ मेगओहमचं गणित २३० साठी आहे. तिथे एक हात खिशात ठेवतात आणि कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा करून, मीटरने खात्री करून मगच हात घालतात. हे शिकलेलं नसेल तर मायक्रोवेव्हचं झाकण उघडू नका.